अटलांटिकचा काठ आणि आपली पुळण

समुद्राच्या काठासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाळूच्या लांब पट्ट्याला पुळण म्हणतात. किनारा, काठ, तीर हे सगळीकडचे. मुंबईने चौपाटी दिली. तिथे एके काळी चार पाट समुद्राला मिळत म्हणून ती चौपाटी, अशी व्युत्पत्ती सांगतात. देशावरच्या माणसाला वाळू म्हटली की पंढरपूरचे वाळवंट आठवते. ते चंद्रभागेचे, आणि तिथे तो आंघोळीला, कीर्तनाला, भेटीला जातो. राजस्थानातल्या मरुभूमीलाही आपण वाळवंटच म्हणतो, पण वारकऱ्याचा त्यात कधी घोटाळा होत नाही.

एवढे शब्द असूनही, इंग्रजी प्रवासग्रंथात ‘बीच’ हा शब्द आला की अनुवादकाचा हात थांबतो. गेली दोन वर्षे मी अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका प्रवासलेखनाचा अनुवाद करते आहे. उत्तरेला मेनचे खडक, मग केप कॉड, लाँग आयलंड, न्यू जर्सी, खाली कॅरोलायना आणि फ्लोरिडा. पानोपानी ‘रमणीय बीच’. किनारा लिहिले तर नुसता भूगोल होतो. चौपाटी लिहिले तर भेळेचा वास येतो, गणपतीचे विसर्जन आणि राजकीय सभा आठवतात. पुळण हा सर्वांत देखणा शब्द, पण पुळणीवर माणूस सहसा कामाला जातो.

ते काम कोणते, हे कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको. रापण लावायची म्हणजे होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडत न्यायचे आणि मग त्याची दोन्ही टोके पुळणीवरून वीसतीस माणसांनी मिळून ओढायची. आलेल्या मासळीचे वाटे होतात. मासळी सुकते ती तिथेच, होड्या वर ओढून ठेवतात त्याही तिथेच, जाळी विणली जातात तीही तिथेच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन नवा हंगाम धरतात तोही याच काठावर. सायंकाळी माणसे वाळूत बसतातही, पण बसण्यासाठी म्हणून दुसऱ्या गावाहून कोणी येत नसे. ‘बीच’ या शब्दात नेमके तेच आहे: काही न करण्यासाठी लांबून यावे, अशी जागा.

ही कल्पना युरोपातही जुनी नाही. फ्रेंच इतिहासकार आलाँ कोर्बाँ यांचे १९८८चे पुस्तक याच विषयावर आहे. १७५० ते १८४० या काळात पाश्चात्त्य माणसाला समुद्रकाठाची ओढ कशी लागली, याचा तो इतिहास. त्याआधी समुद्र म्हणजे वादळ, चाचे, प्रलयाची आठवण आणि कुजलेल्या शेवाळाचा वास. पुस्तकाच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘रिकाम्याचा प्रदेश’ असा होतो. इंग्रजी अनुवादात त्याचे ‘समुद्राची भुरळ’ झाले. एकाच पुस्तकाची ही दोन नावे शेजारी ठेवली की विषय अर्धा उलगडतो. काठ आधी रिकामा मानावा लागतो, मग त्याची भुरळ पडते.

भुरळ पाडण्याचे काम पहिल्यांदा डॉक्टरांनी केले. इंग्लंडमधले रिचर्ड रसेल यांनी १७५० साली लॅटिनमध्ये ग्रंथ लिहून समुद्राच्या पाण्यात बुडी मारणे आणि ते पाणी पिणेही ग्रंथींच्या विकारांवर गुणकारी असल्याचे सांगितले. त्यांच्या मागोमाग ब्रायटन हे कोळ्यांचे गाव आरोग्यस्थान झाले आणि पुढे चैनीचे ठिकाण. शंभर वर्षांनी अटलांटिकच्या पलीकडे हीच गोष्ट रेल्वेच्या वेगाने घडली. न्यू जर्सीतल्या जोनाथन पिटनी या डॉक्टरांनी ॲब्सिकन नावाच्या वाळूच्या बेटावर हवा पालटायला यावे, असा प्रचार चालवला. १८५४ मध्ये फिलाडेल्फियासमोरच्या कॅम्डेनपासून तिथवर लोहमार्ग आला आणि ‘अटलांटिक सिटी’ उभी राहिली. १८७० मध्ये तिथे लाकडी फळ्यांचा रस्ता, म्हणजे ‘बोर्डवॉक’, बांधला गेला. कारण अगदी घरगुती होते: पायांबरोबर येणारी वाळू हॉटेलांच्या गालिच्यांवर आणि रेल्वेच्या डब्यांत सांडू नये.

मराठी माणसे अटलांटिक ओलांडून गेली ती याच्या लगेच पुढच्या काळात. १८८३च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या. निघण्यापूर्वी, फेब्रुवारीत, त्यांनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण करून आपण का जात आहोत ते सांगितले होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा निर्धार होता. समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत मोडते, असे शास्त्री सांगत तो हा काळ. बोटीवर चढणे हीच मुळात धर्माची, जातीची आणि प्रायश्चित्ताची बाब होती. पलीकडे न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्या राहिल्या. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनच्या मंडळींनी विजेच्या तारा डोक्यावरून नेऊन उजळवलेले पहिले गाव म्हणून रोझेलचे नाव झाले होते. तिथून आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. ज्या शहरात त्या शरीरशास्त्र शिकत होत्या, तिथली गिरणीतली आणि दुकानांतली माणसे रविवारी स्वस्त तिकीट काढून शंभर किलोमीटरवरच्या अटलांटिक सिटीला जात होती. समुद्राची हवा छातीच्या दुखण्याला चांगली, अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती. आनंदीबाईंचे दुखणे छातीचेच ठरले. ११ मार्च १८८६ला त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ला, बावीस वर्षांच्याही व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मात्र पुन्हा अटलांटिक ओलांडून गेल्या. न्यू यॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.

त्यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. १८८६च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलहून निघून मार्चच्या आरंभी त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या. चारदोन महिन्यांच्या बेताने आलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, व्याख्याने देत देशभर हिंडल्या आणि १८८८च्या अखेरीस पश्चिमेकडून, सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परत निघाल्या. या प्रवासाचे पुस्तक १८८९ मध्ये मुंबईत निघाले. त्याचे नाव ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. मला हे नाव नेहमीच विचार करण्याजोगे वाटते. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. हा क्रम नावात आहे आणि पुस्तकातही. राज्यव्यवस्था, शिक्षण, घरगुती चालीरीती, दानधर्म, स्त्रियांची स्थिती यांवर प्रकरणे आहेत. निसर्ग आहे, पण तो पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

आजच्या वाचकाला हा कोरडेपणा वाटेल. ज्या बाईने अटलांटिकच्या हिवाळी लाटा सोसल्या, ती किनाऱ्याविषयी चार पाने का लिहीत नाही? मला यात कोरडेपणा दिसत नाही. एक तर रमाबाई अशा बाई होत्या की, लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थेच तीर्थे पायी हिंडल्या होत्या. हिंडणे त्यांना नवलाचे नव्हते. शिवाय त्या पाहायला गेल्या ते आपल्याकडे नाही ते. समुद्र आपल्याकडे होताच. बायकांसाठी कॉलेजे, बायकांच्या संस्था आणि बायकांनी चालवलेली वर्तमानपत्रे नव्हती. १८८७च्या डिसेंबरात बॉस्टन शहरात ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले. त्या पैशातून ११ मार्च १८८९ला विधवांसाठी शारदा सदन उघडले, तेही मुंबईत चौपाटीवर. अटलांटिकच्या एका बंदरातून निघालेली गोष्ट अशी अरबी समुद्राच्या वाळूशी येऊन ठेपली. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेले.

अनुवादकांसाठी एक नोंद. हे मराठी पुस्तक इंग्रजीत यायला ११४ वर्षे लागली, आणि आले तेव्हा २००३ या एकाच वर्षी त्याचे दोन स्वतंत्र अनुवाद अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांतला एक मीरा कोसंबी यांचा.

पण मराठी पुस्तकात अटलांटिकचा पलीकडचा काठ आनंदीबाईंच्याही दहा वर्षे आधी आला होता. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी हबशी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली होती. त्यांच्या उदाहरणावरून माझे देशबांधव आपल्या शूद्र भावांना ब्राह्मणी दास्यातून सोडवतील, अशी त्यांची आशा होती. फुले कधी अटलांटिक ओलांडून गेले नाहीत. तरी मराठीत त्या महासागराचा सर्वांत खोल अर्थ त्यांनीच पहिल्यांदा लावला, असे मला वाटते. त्यांच्या लेखी तो काठ म्हणजे माणसे विकली गेली ती जागा, आणि मग ती विक्री थांबवली गेली तीही.

आज अटलांटिकच्या ‘रमणीय’ किनाऱ्यांची यादी करायला बसले की या अर्थाला वळसा घालता येत नाही. घानाच्या किनाऱ्यावर नारळीच्या रांगांमागे पांढरा एल्मिनाचा किल्ला दिसतो. तो पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, सोन्याच्या व्यापारासाठी, आणि पुढे तो गुलामांचे कोठार झाला. सेनेगलमध्ये डाकारसमोर गोरे बेट आहे. तिथे लोक छायाचित्रे काढायला जातात आणि गप्प होऊन परततात. अमेरिकेच्या बाजूला, अटलांटिक सिटीची हॉटेले चालत होती ती मुख्यतः आफ्रिकी-अमेरिकन कामगारांच्या बळावर. बोर्डवॉकवर गोऱ्या पाहुण्यांना चाकाच्या खुर्च्यांत बसवून ढकलत नेणारेही तेच. पण समुद्रात डुंबायचे तर त्यांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिझुरी ॲव्हेन्यूसमोरचा एक तुकडा ठेवलेला होता. पाणी एकच आणि वाळूही तीच होती, तरी पाणवठ्याची वाटणी होती. हे चित्र समजायला मराठी वाचकाला तळटीप लागत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर काय झाले, ते त्याला ठाऊक असते.

आता नारळाचे. अटलांटिकच्या जाहिरातींतला समुद्रकाठ म्हणजे ब्राझीलचा बाहिया असो की कॅरिबियन बेटे, चित्रात एक माड पाण्याकडे झुकलेला असतोच. हा माड तिथला नाही. कोलंबसपूर्व अटलांटिकच्या काठी नारळ नव्हता. वास्को द गामाच्या सफरीनंतर पोर्तुगीजांनी तो हिंदी महासागराच्या काठावरून केप व्हर्डे बेटांत नेला, तिथून पश्चिम आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये. नारळाच्या जनुकांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगतो: अटलांटिकचे माड आपल्या बाजूच्या माडांच्या वंशातले. बदल्यात ब्राझीलचा काजू गोव्यात आला आणि कोकणच्या कातळावर असा रुजला की, आज तो परका आहे हे कोणाला पटत नाही. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले. ‘बटाटा’ कॅरिबियन बेटांवरून. आपल्या पुळणीमागे सळसळणारे सुरूचे बनही बाहेरून आणून लावलेले आहे. ‘अस्सल’ समुद्रकाठाचे चित्र असे दोन्हीकडून उसनवारीचे आहे, आणि ती देवघेव ज्या जहाजांतून झाली, त्यांतल्या कित्येकांच्या तळघरांत माणसे साखळ्यांनी बांधलेली होती.

हे मी लिहिते आहे ते भिलाईतून. इथून पुरीचा समुद्र रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर. ४ फेब्रुवारी १९५९ला पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून देशभरची माणसे या गावात आली. विदर्भातली मराठी कुटुंबेही आली. घरात मराठी, सेक्टरच्या बाजारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, असा इथला रिवाज. छत्तीसगढीत तळ्याला तरिया आहे, ओढ्याला नरवा आहे. समुद्रासाठी ती हिंदीकडेच हात पसरते. पण ‘बीच’ हा शब्द इथेही आला आहे. धमतरीजवळ महानदीवरच्या गंगरेल धरणाच्या काठाला लोक ‘मिनी गोवा’ म्हणतात. तिथे बोटी आहेत, छत्र्या आहेत, झोपडीवजा खोल्या आहेत. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण विस्थापितांच्या घरांतून अजून काढली जाते. म्हणजे समुद्र नसला तरी काठ रिकामा मानण्याची रीत इथवर पोहोचली आहे. आणि समुद्राशी भिलाईचे नाते पोलादाचे: २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे पोलाद बोकारो, राउरकेला आणि भिलाई इथे तयार झाले.

या भागात अनुवादाची परंपराही जुनी आहे. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे घरचे मराठी. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. एका भाषेचे पाणी दुसरीत ओतताना काय सांडते, याचा विचार इथे शंभर वर्षांपासून चालू आहे.

१९६५च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडल्यावर डॉक्टर-इंजिनिअर मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. न्यू जर्सीतल्या एडिसनभोवती मराठी वस्ती दाट आहे, आणि आनंदीबाईंचे रोझेल तिथून लांब नाही. उन्हाळ्यात ही मंडळी डबे भरून ‘जर्सी शोअर’ला जातात. भारतातून आलेल्या आजीला तिथे पहिले आश्चर्य वाटते ते तिकिटाचे. न्यू जर्सीतल्या बहुतेक गावांत उन्हाळ्यात वाळूवर पाऊल टाकायला बिल्ला विकत घ्यावा लागतो. ब्रॅडली बीच या गावाने ही पद्धत १९२९ मध्ये सुरू केली. भरतीच्या रेषेखालचा भाग सर्वांचा, पण तिच्यावरची कोरडी वाळू कोणाची, यावर तिथे वर्षानुवर्षे खटले चालले. १९८४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, समुद्रापर्यंत पोचण्याचा आणि त्यात उतरण्याचा लोकांचा हक्क खरा असायचा तर बसायला थोडी कोरडी वाळूही त्यांना मिळाली पाहिजे. मला हा निकाल साहित्यिक वाटतो. पाण्याचा हक्क द्यायचा आणि पाय टेकायला जागा द्यायची नाही, हा डाव न्यायाधीशांनी ओळखला.

आपल्याकडे बिल्ला नाही, पण प्रश्न तोच आहे. १९९१च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा नियमांखाली आणला. त्यानंतर तिच्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०११, २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्लीच्या पाण्याची कीर्ती झाली, घरोघरी न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या, मुंबईला गेलेली काही मुले परतली. हे चांगलेच झाले. पर्यटकाला खलनायक करण्यात अर्थ नाही, सुट्टीत आपणही तोच असतो. पण जिथे हॉटेलच्या खुर्च्या मांडल्या जातात तिथे रापणीचा दोर ओढता येत नाही, आणि रिसॉर्टच्या खिडकीसमोर सुकत घातलेले बोंबील पाहुण्याला नको असतात. काठ रिकामा दाखवायचा तर आधी तो रिकामा करावा लागतो. हे अटलांटिकवर घडून गेले आहे. आपल्याकडे घडते आहे.

म्हणून अनुवादात मी एक नियम करून घेतला आहे. नुसता भूगोल असेल तिथे किनारा. माणसे गर्दीने मौजेला आली असतील तिथे चौपाटी. अटलांटिक सिटीला तो शब्द शोभतो, तिथेही खाऊच्या गाड्या आणि सभा आहेतच. विकायला काढलेला, पत्रकातला काठ असेल तिथे सरळ ‘बीच’, कारण तो मालही परका आणि शब्दही. पुळण मी राखून ठेवली आहे. पहाटे मेनच्या एका खाडीत ओहोटीच्या वेळी वाकून तिसऱ्यांसारखे शिंपले खणणारी माणसे त्या पुस्तकात एका परिच्छेदापुरती येतात. लेखकाने त्यांच्यासाठी वेगळा शब्द वापरलेला नाही. मी तिथे पुळण लिहिले आहे.